दर दसऱ्याला जाड होणारी पोथी

लातुरात कुणाच्याही घरी जा, सगळ्यात जुनं पुस्तक गेल्या वर्षीचं असतं. म्हणजे प्रश्नसंच. मी इथं एका क्लासमध्ये गणित शिकवते, त्यामुळं हे मी खात्रीनं सांगते. पोरगं परीक्षा देऊन आलं की त्याच संध्याकाळी पुस्तकं बांधून जिन्याखाली जातात आणि निकाल लागला की रद्दीत. हॉलमधल्या काचेच्या कपाटात मात्र सोनेरी अक्षरांचे जाडजूड इंग्रजी खंड उभे असतात. ते सोफ्याबरोबर फुकट येत असावेत असा माझा बरेच दिवस समज होता. एकदा एका पालकांच्या घरी चहा यायला उशीर झाला म्हणून मी त्यातला एक खंड ओढून बघितला, तर सगळेच एकमेकांना चिकटून बाहेर आले. आत पोकळ. नुसता पुठ्ठा. त्या घरच्या वहिनी अजिबात ओशाळल्या नाहीत. "मॅडम, ते शोसाठी हाय," म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि चहा प्यायले.

आमच्याकडं जीवशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, रेणापूरकडच्या बौद्ध कुटुंबातले. त्यांच्या घरातल्या सगळ्यात जुन्या पुस्तकाला पहिली पानं नाहीत, शेवटची नाहीत आणि मधली सुईदोऱ्यानं शिवलेली आहेत. त्यांच्या वडिलांनी आणि वडिलांच्या अख्ख्या गल्लीनं वाचून वाचून त्याची ही दशा केली. त्याला कोणी हार घालत नाही, उदबत्ती ओवाळत नाही. मला त्या फाटक्या पुस्तकाचा फार हेवा वाटतो, कारण आमच्या घरचं पुस्तक बरोबर उलट्या वाटेनं गेलं. ते दर वर्षी जाड होत गेलं.

आमचं गाव हदगावजवळ. घरात देवघराच्या वरच्या कोनाड्यात एक पोथी होती. होती म्हणजे, तिथं एक गाठोडं होतं आणि आत पोथी आहे असं सगळे म्हणत. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि तिच्यावर नवा खण बांधला जायचा. जुना खण काढायचा नाही, कारण काढला तर पोथी उघडी पडते, आणि पोथी उघडली तर घराला बाधा होते. मग जुन्यावर नवा, त्याच्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. माझ्या लहानपणी ते गाठोडं तक्क्याएवढं होतं. नंतर ते कोनाड्यात मावेना, तेव्हा दादानं गवंडी बोलावून कोनाडा फोडून मोठा केला. आत काय आहे ते बघावं असं गवंड्यालासुद्धा वाटलं नाही.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. खताचं दुकान आहे, गावात शब्दाला वजन आहे आणि मोबाइलवर रोज पहाटे संस्कृतीला जाग येते ती पहिली याच्याकडून. माझी आजी होती तोवर ती पोथी "आमच्या मालकाची" होती, म्हणजे माझ्या आजोबांची. चुलत्यांच्या काळात ती पणजोबांची झाली. दादानं कारभार हाती घेतल्यावर ती एकदम चारशे वर्षांची झाली आणि हस्तलिखितही झाली. मी एकदा विचारलं, "दादा, तू बघितली का?" तो म्हणाला, "बघायला कशाला लागतंय? कळतंय की."

घरातली पोरं परीक्षेला जाताना त्या गाठोड्यावर डोकं टेकवून जात. फक्त मुलगे. मुलींनी लांबूनच हात जोडायचे. आणि एका बाईनं तर लांबूनही नाही. ती माझी मोठीमाय, माझ्या थोरल्या चुलत्याची बायको, दादाची आई.

मोठीमाय लग्न होऊन आली त्याला दोन-तीन वर्षंच झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. पहिला मुलगा नुकता चालायला लागला होता. एक दिवस घर झाडताना गाठोडं कोनाड्यातून खाली पडलं आणि तिनं पटकन उचलून जागेवर ठेवलं. ती तेव्हा बाहेरची होती, म्हणजे पाळी चालू होती. आजीनं ते पाहिलं. त्याच महिन्यात मुलाला ताप आला आणि तो गेला. आजीचा निकाल तयारच होता: हिनं पोथी बाटवली, म्हणून लेकरू गेलं. आजीनं सांगितलं, चुलत्यांनी मान डोलावली, गावानं ऐकलं आणि मोठीमायनं ते खरं मानलं. पुढं दादा झाला, सुना आल्या, नातवंडं आली, आजी वारली, तरी दसऱ्याला मोठीमाय देवघराच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला पाठ लावून बसते. कोणी विचारलं की एवढंच म्हणते, "माझ्या हातून झालंय ते." भाजीत मीठ जास्त पडलं हे सांगावं त्या आवाजात सांगते. मला तो आवाज ऐकला की कुणाला तरी दोन ठेवून द्याव्याशा वाटतात, पण ज्यांना द्याव्यात ती माणसं राहिली नाहीत.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या गावी एका मंडळानं प्रदर्शन भरवलं: ज्याच्या घरी जुना ग्रंथ असेल त्यानं आणावा, सगळ्यात जुन्या ग्रंथाच्या घराण्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. दादानं लगेच नाव दिलं. चारशे वर्षं असं कागदावर लिहूनही दिलं. मग कळलं की ग्रंथ काचेच्या पेटीत ठेवायचा, तोही उघडून, पहिलं पान दिसेल असा.  दादानं लगेच मला फोन लावला.

"तू ये. मोडीत असणार ते. तू शिकलेली हायस."

"दादा, मी गणित शिकवते."

"अगं, अक्षरच हाय ना शेवटी?"

मी गेले. मला मोडीतलं ओ की ठो कळत नाही, पण ते गाठोडं सुटताना बघायचं म्हटल्यावर मी रजा टाकून गेले असते, बिनपगारी का होईना. घरी पोचले तर मोठीमाय दारातच. माझा हात धरून म्हणाली, "तू तरी सांग त्याला. नको उघडू म्हणावं. एकदा झालं तेवढं बास." मी म्हटलं, काही होत नाही. तिला ते पटलं नाही. तिनं नातवंडांना गोळा केलं आणि शेजारच्या घरी नेऊन बसवलं, वर शेजारणीला सांगितलं की मी बोलवेपर्यंत सोडू नको. मग येऊन आपल्या जागी, उंबऱ्याबाहेर बसली.  आम्ही आत मजेनं जमलो होतो आणि ती बाहेर जीव मुठीत धरून बसली होती.

दादानं सोवळं नेसलं. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, मोबाइल उभा धरून शूटिंग सुरू केलं. पहिले खण भराभर सुटले, ते सगळे चकचकीत, लग्नात आहेर म्हणून आलेले आणि कुणीच न शिवलेले. त्याखाली जाड जरीचे, म्हणजे सोयाबीनला भाव होता ती वर्षं. मग विटके, विरलेले. एका ठिकाणी तर खण नव्हताच, बियाण्यांच्या कंपनीची फुकटची कापडी पिशवी उसवून गुंडाळली होती. तो दुष्काळ असणार. कुंकवाची ढेपळं पडत होती. दादाला शिंका यायला लागल्या, पण चारशे वर्षांच्या समोर शिंकायचं कसं म्हणून त्या तो गिळत होता. गाठोडं उतरत उतरत उशीएवढं झालं, मग पाटीएवढं. तक्क्याएवढ्या पोथीचं शेवटी एक पातळ, बोटभरसुद्धा जाड नसलेलं पुस्तक निघालं. छापील. कसरीनं कडा खाल्लेल्या.

दादानं हात जोडून पहिलं पान उलटलं. ते शेवटचं निघालं.

"मोडीच ना?" त्यानं मला विचारलं.

"उर्दू," मी म्हटलं.

वहिनीनं शूटिंग बंद केलं. दादाचा चेहरा वरणात पाल सापडावी तसा झाला. "हे आपल्या घरात कसं काय घुसलं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "घुसलं न्हाई दादा. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूच होती. आजोबा चौथी शिकले म्हणून तूच सांगत फिरतोस ना? कोणत्या भाषेत शिकले असतील?" दादानं याचा कधी विचार केला नव्हता. त्याच्या मते आजोबा संस्कृतमध्ये चौथी पास झाले असावेत.

मी पानं उलटत गेले आणि मला हसू आवरेना. भाषा मला येत नव्हती, पण आकड्यांखाली आकडे, खाली आडवी रेघ, रेघेखाली उत्तर, ही मांडणी मी रोज फळ्यावर करते. तो भागाकार होता. त्रैराशिक होतं. मी दोन पानांचे फोटो काढून क्लासमधल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना पाठवले. त्या देगलूरच्या, दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या. लगेच त्यांचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अगं, हे चौथीचं हिसाबाचं पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "हे बघ, लिहिलंय, एक मजूर एक विहीर बारा दिवसांत खोदतो, तर तीन मजूर किती दिवसांत खोदतील? कुठं मिळालं तुला? किती छान आहे गं!"

मी म्हटलं, देवघरात मिळालं.

विहिरीचं हे गणित मी आजही शिकवते. आमच्या घरातले सगळे वीर या विहिरीवर डोकं टेकवून परीक्षेला गेले आणि झाडून सगळे गणितात आपटले. दादा दोनदा. या घरात गणितात धड पास झालेली मी एकटी, आणि मला जवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं. हे मी तिथल्या तिथं मोठ्यानं बोलून दाखवलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बांधा परत," तो म्हणाला. "गपचिप बांधा. कोणाला काय कळून राहिलंय? सांगतो मी त्यांला, आमच्यात पोथी उघडत न्हाईत म्हणून. काचात गाठोडंच ठेवा म्हणतो."

आणि तो खरंच बांधायला बसला. जमिनीवर पडलेले खण गोळा करून एकावर एक गुंडाळायला लागला.

तेवढ्यात मोठीमाय उंबरा ओलांडून आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  ती माझ्याजवळ बसली आणि पुस्तकाकडं बोट करून म्हणाली, "फोनवरल्या बाईला पुन्ना इचार. शिवलं तर लेकरू मरतंय असं लिवलंय का त्यात?"

"न्हाई मोठीमाय. नुसती गणितं हायत. शाळेतली."

"समदी?"

"समदी."

तिनं दादाच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. उलटंसुलटं केलं. पानांवरून बोटं फिरवली. मला वाटलं आता रडेल. मी पाण्याचा तांब्या घ्यायला उठणार होते. पण ती रडली नाही, ती संतापली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, तरी आवाज चढला नाही.

"लेकराला ताप व्हता," ती दादाला म्हणाली. "अंग नुसतं तव्यावानी. म्या म्हनलं, हदगावला डाक्टर हाय, गाडी जुंपा. दारात गाडी व्हती. बैल खाऊन पिऊन उभे व्हते. म्हातारी म्हनली, आदी पोथीची माफी मागा, मंग बघू. समदे ह्याच्या म्होरं बसले. तुजा बाप बी बसला. नाकं घासून राहिले. मला भाईर बसवलं. मी भाईरून आयकत व्हते, लेकरू आतून मला बोलवत व्हतं. सकाळपातूर कोन उठलं न्हाई."

वहिनीनं तोंड फिरवलं. दादाच्या मांडीवर खणांचा ढीग तसाच होता. ही गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती, कारण आम्हाला सांगितलेल्या गोष्टीत बाई होती, विटाळ होता, पोथी होती. गाडी आणि बैल कुणी घातलेच नव्हते. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. आजी भिंतीवर फोटोत, चुलते शेजारच्या फोटोत, दोघांनाही हार.

"मी शिवले म्हनून न्हाई गेलं ते," मोठीमाय म्हणाली. "हे बसून राहिले म्हनून गेलं. अन् मला म्हनले, तू मारलंस. आता भांडू कोनाला मी? हाय का कोन?"

कोणी नव्हतं.  दादा वाईट माणूस नाही. त्याचेही डोळे भरले होते, तो खाली मान घालून खणाची घडी करत होता. पण त्यानं मंडळाला शब्द दिला होता, नाव छापून आलं होतं, आणि माणूस आपल्या वळणावर जातोच. तो हळूच म्हणाला, "माय, समदं खरं हाय. पन उद्या सत्काराला मी काय नेऊ?"

मोठीमायनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"मला ने," ती म्हणाली. "मीच जुनी हाय ह्या घरात. काचात बसते. जो इचारंल त्याला सांगते."