डीटरची मान

“डॉक, याला खेळायचा क्लिअरन्स द्या आणि मोकळे व्हा,” टीमचा मॅनेजर टॉम म्हणाला. “रविवारी सेमीफायनल आहे.”

समोर डीटर बसला होता. जर्मनीत बरीच वर्षं प्रोफेशनल फुटबॉल खेळून, ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीच्या टीमकडे आलेला डिफेंडर. गोलसमोर येणारे उंच बॉल डोक्याने परतवणं, हे त्याचं काम. मी ऑर्थोपेडिक सर्जन, त्या टीमचा कन्सल्टंट.

आदल्या मॅचमध्ये असाच एक बॉल हेड केल्यावर त्याच्या दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. थोड्या वेळाने गेल्या. एकाच हाताला मुंग्या आल्या तर बहुधा नस दबलेली असते. दोन्ही हातांना एकदम आल्या, की आम्हाला मज्जारज्जूची काळजी वाटते. मेंदूकडून हातापायांकडे जाणारी ती मुख्य केबल. स्कॅनमध्ये डीटरच्या मानेतली तिची वाट फार अरुंद दिसत होती, आणि त्यात दोन मणक्यांमधली एक डिस्क आत घुसलेली.

“एक वेडावाकडा फटका, आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडू शकतं,” मी म्हणालो.

टॉमने डीटरला विचारलं, “आज काही त्रास?”

“नाही.”

“बघा!”

भिंतीला टेकून उभी असलेली डीटरची बायको हेल्गा हळूच म्हणाली, “हल्ली त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.”

डीटर तिच्यावर जर्मनमध्ये खेकसला. मग मला म्हणाला, “डॉक्टर, मला दुसरं काही येत नाही हो.”

मी क्लिअरन्स दिला नाही. टॉमने दुसऱ्या डॉक्टरकडून आणला.

रविवारी पार्सिपनीला मित्राकडे जेवण होतं. मला एका जागी बसवेना. ताट वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं.

“निघतो मी,” मी म्हणालो.

“अरे यार, जेवून तर जा!” मित्र म्हणाला.

“तिथे जाऊन तुम्ही करणार काय?” माझ्या बायकोने, सुलभाने विचारलं.

“माहीत नाही.” मी कार काढली.

स्टेडियमवर पोचलो तेव्हा वॉर्म-अप चालला होता. गोलकीपरने बॉल उंच मारला. डीटरने उडी घेतली, हेड केला, खाली आला आणि तसाच उभा राहिला. आपल्या तळव्यांकडे बघत. मी पायऱ्या धडाधड उतरत होतो. पुढचा बॉल आला, त्याने तो बाजूने जाऊ दिला. मग चालत येऊन बेंचवर बसला.

“काय झालं? ऊठ!” टॉम ओरडला.

डीटरने त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाला, “बुटांच्या लेस सोडा, डॉक्टर. मला सुटत नाहीयेत.”

मी गुडघे टेकून लेस सोडल्या. तो रडत होता. मी मान वर केली नाही.

पुढे ऑपरेशन झालं. हात बरेचसे सुधारले. फुटबॉल सुटला तो सुटलाच. काही महिने त्याने माझा फोन घेतला नाही. नंतर तो एका हायस्कूलमध्ये कोच झाला. टॉमने माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही.

मी त्याला वाचवलं असं लोक म्हणतात. डॉक्टर ‘नको’ म्हणू शकतो, एवढंच. थांबावं पेशंटलाच लागतं.