देवाखाली ठेवलेला कागद

मी देवाशी भांडणारी बाई आहे, हे आधीच कबूल करते. पाचव्या महिन्यात वाशीमला सोनोग्राफी केली. बाळ छान होतं, पण माझ्याच यकृतात एक गाठ दिसली. "साधीच वाटते, पण खात्री करावी लागेल. आधी कधी पोटाची सोनोग्राफी झाली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. घाबरून मी नाही म्हणून मोकळी झाले. बाहेर बाकावर बसले आणि देवाला चांगलंच सुनावलं. पहिलं बाळंतपण माझं, तुला हाच मुहूर्त सापडला का? ही गाठ घालव, नाहीतर तुझं माझं जमणार नाही. म्हटलं खरं, पण आपण गेलो तर बाळाचं काय, या विचाराने रडू आवरेना.

शेजारी किन्हीराजा गावची एक आजी सुनेला घेऊन बसली होती. ओळख ना पाळख, तरी तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "रडून काहून राह्यली? याच्या आंधी तुयं पोट कधी दुखलंच नाई का?" आणि मला एकदम आठवलं. लग्नाआधी मुतखडा झाला होता, तेव्हा सोनोग्राफी केली होती.

लगेच शेलूबाजारला आईला फोन लावला. आमच्या आईची रीत अशी की दवाखान्याचा कागद आधी देवाखाली, मग माणसांना. त्या वेळी खडा आपोआप पडला आणि कागद देवाखालीच राहिला. "मी कायले वाचू? ज्याले समजते त्याच्यापाशी ठेवला," आई म्हणाली. भाऊ तो मोटारसायकलवरून घेऊन आला, कुंकवाच्या डागांसकट.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी धरली. सहा वर्षांपूर्वी गाठ तिथेच होती, तेवढीच होती. तसं कागदावर लिहिलेलंही होतं, फक्त देवाशिवाय कुणी वाचलं नव्हतं. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, बाळाला धोका नाही, असं ते म्हणाले. पुढे अकोल्याच्या एमआरआयनेही तेच सांगितलं. त्या दिवशी कागद दाखवून आजीला सांगायला बाहेर आले, तर ती निघून गेली होती. सुनेचं काम झालं असेल. मी त्यावर वाद घालत नाही, पण तो प्रश्न तिच्याच तोंडून यावा, हे मला नवल वाटतं.

घालव म्हटलेली गाठ आजही आहे तिथेच आहे. देवाने माझं ऐकलं नाही, पण सांभाळलं मात्र पुरेपूर. हल्ली काय द्यायचं ते मी त्याच्यावरच सोडते. सव्वा वर्षाची लेक माझ्या पोटावर बसून घोडाघोडा करते. तेव्हा हात जोडता येत नाहीत, तिला धरावं लागतं. नमस्कार मनातच करते, आणि तो पोचतो.