मागच्या सीटचं वजन

मालवाहतुकीच्या गोदामात पार्सलं तोलायच्या काट्यावर सव्वीस वर्षं बसल्यावर माणसाचं काय होतं, ते काटेवाल्यांकडे बघावं. हमाल त्यांना काटेवाले म्हणायचे, मग शेजारीपाजारीही म्हणायला लागले, आणि रागावली की बायकोसुद्धा. हातात फ्लॉवरचा गड्डा दिला की आठशे ग्रॅम, उशी दिली की सव्वा किलो. शेजारणीने कौतुकाने नवा नातू हातात ठेवला, तर "तीन किलो दोनशे" म्हणून मोकळे! ना "गोड आहे", ना "कुणावर गेलाय". शेजारीण महिनाभर बोलली नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण कुठे काय बोलावं ते कळायची बोंब होती.

नाद एकच, मोटरसायकलचा. लांबच्या प्रवासासाठी बनवलेलं ते धूड. दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, मागे एक मोठा डबा आणि मागच्या माणसासाठी ऐसपैस सीट. वर्षातून दोनदा नवराबायको निघायचे. दोन माणसं आणि सामान मिळून एकशे नव्वद किलोच्या वर चढवू नये, असं गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं. बाकीचे लोक पुस्तक कपाटात टाकतात आणि अंदाजाने लादतात. काटेवाले आणि अंदाज? छे! निघायच्या सकाळी आधी गोदामात जायचं. एकेक डबा काट्यावर चढवायचा, मग बायकोने चढायचं, मग स्वतः, अंगातल्या जाकिटासकट. जड वस्तू खाली, गाडीच्या पोटाशी, हलक्या वर. आलेल्या वजनाप्रमाणे मागची स्प्रिंग आवळायची, टायरची हवा वाढवायची आणि उजव्या डब्याच्या झाकणाला आतून मार्करने आकडे लिहायचे. मी अठ्ठ्याहत्तर, ती साठ, सामान बावन्न.

हमालांना तेवढीच करमणूक. "काकू, तुम्हाला पार्सलच्या दराने पाठवू का?" असं कुणीतरी विचारायचंच.

"पाठवा, पण वर चिठ्ठी लावा, नाजूक माल म्हणून," ती म्हणायची.

गाडी सुरू झाली की मागे तिची टकळी सुरू. वाऱ्यात निम्मं उडून जायचं, उरलेल्याला काटेवाले "हं" म्हणायचे. घरी तिला बोलायला उसंत नसायची आणि त्यांना ऐकायला, म्हणून ती या दोन प्रवासांवर जीव टाकून होती. वर्षभर त्याच गप्पा पुरवून पुरवून वापरायची.

मग एका खेपेला साठची छप्पन्न भरली. सहा महिन्यांनी त्रेपन्न. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अगं, काय होतंय तुला? आमच्या काटेवाल्यांनी काय केलं? हिशोब केला. सात किलो सुटले! लगेच मोठा तंबू आला, स्टोव्ह आला. "अशीच राहा, पुढच्या वेळी घडीच्या खुर्च्या घेऊ," म्हणाले. वर आणखी थट्टा, "पण पन्नासच्या खाली गेलीस तर मागे बसवणार नाही हं. वाऱ्याने उडशील. गाडी सरळ डॉक्टरच्या दारात उभी करीन." हमाल हसले. तीही हसली.

पुढच्या खेपेला ती एक्कावन्न भरली. दोनच किलोचा फरक, म्हणजे उतार थांबत आला, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि दोन किलोच्या खुर्च्या चढवल्या. डोंगरातल्या तळ्यापर्यंत जाऊन येऊन अकराशे किलोमीटर. परत आल्यावर ती जिना चढताना मध्येच थांबायला लागली. त्याच सुमाराला घरातलं गॅलरीचं दार आपटायला लागलं. दाराला अडण म्हणून दोन लोखंडी वजनं असायची, दोन-दोन किलोची, तिच्या वडिलांच्या दुकानातली. ती कुठे दिसेनात. काटेवाल्यांनी पलंगाखाली वाकून शोधलं, माळा उपसला. "गेली असतील भंगारात, जाऊ द्या ना आता," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी इस्पितळ. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" काटेवाल्यांनी तारखांसकट सांगितलं. साठ, छप्पन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "इतकं नेमकं माहीत होतं तुम्हाला?" एवढंच बोलले. आणखी तीन महिन्यांत ती गेली.

त्यानंतर काटेवाल्यांना काही वाटेनासं झालं. दुःख करायला तरी काही वाटावं लागतं ना! डोळे कोरडे, डोकं सुन्न. सकाळी उठायचं, गोदामात जायचं, पार्सलं तोलायची, परत यायचं. पुढ्यात येईल ते खायचं, नाही आलं तर नाही. मेहुणी येऊन म्हणाली, "भावोजी, एकदा मोकळेपणाने रडून घ्या." त्यावर हे म्हणाले, "बघतो." जसं काही कुणी बिल भरून यायला सांगितलंय. दार दिवसभर आपटायचं, त्याचाही त्रास होईना. स्वतःचीच लाज वाटायची, तीही फार खोलवर, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

भीती तेवढी एक शिल्लक होती. झाकणावरच्या आकड्यांची. एकुलत्या एका मुलीने ते वाचले तर तिला कळणार, आई उतरत होती तेव्हा बापाने सुटलेल्या जागेत तंबू भरला. मुलीशिवाय त्यांना आता कोण होतं? ती तोंड फिरवून गेली असती तर घरात ते आणि आपटणारं दार, दोघंच उरले असते.

आठ महिने असे गेले आणि मुलीला अडीचशे किलोमीटरवरच्या गावात नोकरी लागली. ती म्हणाली, "बाबा, मला गाडीवर सोड. सामानासकट. आईची सीट किती दिवस रिकामी ठेवणार आहेस?"

नाही म्हणायला कारण हवं. काटेवाल्यांना ते सुचेना. त्यांनी झाकणावर स्पिरिटचं फडकं घासून पाहिलं. शाई पसरली, आकडे गेले नाहीत. मग गोदामातली तपकिरी चिकटपट्टी आणून वर तीन पदर चिकटवले. झाकापाक करणारा माणूस कधी हुशारीने करतो का? कोऱ्या पत्र्यावर ती पट्टी लांबूनही डोळ्यांत भरत होती.

निघायच्या सकाळी मुलगी डबे भरत होती. "हे काय, फुटलंय का झाकण?" असं म्हणत तिने पट्टी ओढली. सर्रकन निघाली. ती वाकून वाचत राहिली. काटेवाले हातात पाना धरून उभे.

"ही आईची वजनं?"

"हो."

"दर वेळची?"

"दर वेळची. ती कमी झाली, तेवढं सामान मी वाढवलं. मला वाटलं, बरंच झालं." पार्सलचं वजन वाचून दाखवावं तशा आवाजात ते बोलले. "मी काही विचारलं नाही तिला."

मुलगी डबा तसाच उघडा टाकून आत गेली. काटेवाल्यांना वाटलं, संपलं. आता ही बसने जाईल आणि पुन्हा फोनही करणार नाही. त्यांनी पाना पेटीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात आईचं जाकीट होतं. तळ्यावरून आल्यापासून ते कपाटात लटकत होतं, कुणी हात लावला नव्हता. "बाबा, हे केवढं जड आहे! आई हे घालून बसायची?" म्हणत तिने बाजूच्या खिशात हात घातला. पावसाळी हातमोजे निघाले. त्यांच्याखालून लोखंडी वजन निघालं. दुसऱ्या खिशात दुसरं. दोन-दोन किलोची, तिच्या आजोबांच्या दुकानातली.

काटेवाल्यांनी दोन्ही हातांत घेतली. ही कुठली, असा प्रश्नच नव्हता. एक्कावन्नातून चार गेले, सत्तेचाळीस.

"मी म्हणालो होतो, पन्नासच्या खाली गेलीस तर नेणार नाही," ते म्हणाले. "थट्टेत म्हणालो होतो गं."

मुलगी पायरीवर बसली. "तळ्यावरून आल्यावर तिच्या कमरेला दोन्हीकडे काळेनिळे डाग होते. मी तेल लावून दिलं. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, सीट टोचते म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल." तिने नाक पुसलं. "आणि मी सांगितलं नाही. तिचे ड्रेस सैल झाले तेव्हा मीच आत घेऊन शिवले. आई, काय सुंदर दिसतेस म्हणाले. मी पण काही विचारलं नाही, बाबा."

अकराशे किलोमीटर. काट्यावरून उतरल्यावर ती वजनं काढून टाकायला तिला आडोसा सापडला नाही, सामानात लपवली तर यांना एका हाताने डबा उचलताच कळलं असतं. म्हणून अंगावरच वाहिली. आणि घरी आल्यावरही खिशातच ठेवली, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा काट्यावर चढायचा बेत होता बाईचा! गाडीला मात्र यातलं काही कळलं नव्हतं. स्प्रिंग एक्कावन्नची आवळली होती आणि मागे एक्कावन्नच बसले होते.

काटेवाल्यांनी वजनं गॅलरीत नेली आणि दाराला लावली. दार थांबलं. मग बापलेक निघाले, कारण दुसरं काय करायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

गोदामात सगळं नेहमीसारखं. मुलीचं सामान आदल्या दिवशीच तोललेलं होतं, छप्पन्न किलो. पुस्तकांचा नऊ किलोचा खोका एकशे नव्वदात बसत नव्हता, तो तेवढा इथून ट्रकने पाठवायचा होता. मुलगी काट्यावर चढली. चढण्याआधी तिने आपणहून जाकिटाचे खिसे उलटे करून दाखवले. छप्पन्न. मग सवयीने काटेवाले चढले. स्वतःचा अठ्ठ्याहत्तरचा आकडा त्यांना पाठ होता, चढायचं ते रीत म्हणून.

काट्यावर एकोणसत्तर आले.

त्यांनी एकदा उतरून काटा शून्यावर आहे ना पाहिलं, पुन्हा चढले. एकोणसत्तर. बेरीज करायला त्यांना वेळ कधी लागला होता?

"नऊ किलो सुटले," ते म्हणाले. "बरंच झालं. तुझा पुस्तकांचा खोकाही बसेल."

बोलून झालं आणि ते तसेच काट्यावर उभे राहिले. स्वतःचेच शब्द कानात पोचायला त्यांना थोडा वेळ लागला.

मुलीने खोका उचलला आणि ट्रकच्या मालात नेऊन ठेवला. मग परत येऊन काट्यासमोर उभी राहिली. आकड्याकडे तिने पाहिलंही नाही. बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "कुठे दुखतंय तुला?"

काटेवाल्यांनी तोंड उघडलं. नेमकं काहीतरी सांगायला हवं होतं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापाशी नेमकं काही नव्हतं. हनुवटी थरथरायला लागली. एक हमाल पाठीवर पोतं घेऊन येत होता, तो बघून मागच्या मागे वळला.

"सगळीकडे गं," ते म्हणाले.