लेखाखालचे धनराजकाका

“वरचं कोन वाचते बापू? आपण तं डायरेक्ट खाली जातो, धनराजभाऊनं काय लिवलं ते पाहाले.”

काकांच्या जलदान विधीला, सेलूतल्या त्यांच्या अंगणात, त्यांच्या गाण्याच्या मंडळातले ढोलकीवाले शेजाऱ्याला सांगत होते. ‘वरचं’, म्हणजे वेबसाइटवरचा लेख, लिहिणारी मी मागच्याच खुर्चीवर होते. चार दिवसांपूर्वी झोपेतच गेलेल्या माणसाच्या दारात बसून मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला...

धनराजकाका आमचे शेजारी. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवणारे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. गाण्यांवर लिहायला मी वेबसाइट काढली तेव्हा पहिले वाचक तेच. गल्लीत “काऊन वं पोरी” म्हणणारे काका कॉमेंटमध्ये मला “बाई” म्हणत. एका गायिकेवर मी आठवडाभर खपून लिहिलं. खाली काकांची एक ओळ : “गळा गोड हाये, पण गाणारी ऐकणाऱ्यासाठी नाई, माईकसाठी गाऊन राह्यली.” तिच्याखाली लोकांची जत्रा भरली. माझ्या लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांना हे जमायचं कसं, हे मी त्यांच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचून शोधायची, आणि चिडायची.

मग हिंगणीच्या एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कुणीतरी नेटवर टाकलं. दुसऱ्या कडव्यात गायक अचानक थांबतो, नुसती ढोलकी चालू राहते. त्या थांबण्यावर मी लिहिलं, की या मौनात सगळी वस्ती श्वास रोखून उभी आहे. पहिल्यांदाच लोक माझं वाक्य एकमेकांना पाठवत होते. दुसऱ्या दिवशी काकांची कॉमेंट आली : “बाई, ते मौन नोहे. त्याले पुढची ओळच आठवली नाई. मी मागं पेटीवर होतो, मीच सांगतली.”

माझ्या मंजुरीशिवाय साइटवर कॉमेंट दिसत नाही. काकांची प्रत्येक कॉमेंट मी लगेच मंजूर करायची. ही केली नाही. दोन दिवसांनी त्यांनी कुंपणावरून विचारलं, “माही कॉमेंट दिसून नाई राह्यली वं?” मी म्हटलं, “नेटवर्क असेल, काका.” त्यांनी मान डोलावली. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नसावं, आणि त्याचाही मला राग आला. आठवड्याच्या आत ते गेले.

विधी आटोपला, माणसं पांगली. काकूंनी मला आत बोलावून चहा दिला. “तुह्या लेखाचं लय कौतुक होतं त्याईले,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या दिवसाईत तं रोज मोबाईल घेऊन गच्चीवर चढत. गुडघे दुखत, तरी. म्हनत, खाली नेटवर्क नाई, पोरीले लिवलेलं पोचून नाई राह्यलं...”

माझ्या हातातला चहा निवला होता. सांगितलं नसतं तर कुणालाच कधी कळलं नसतं.

“पोचलं होतं, काकू,” मी म्हणाले. “मीच अडवून ठेवलं.”