मी इथीच हावो

शॉट सुरू झाला की दौलतभाऊ डोळे मिटून घ्यायचे. कॅमेरा चालू, नट घामाघूम, लाइटवाले श्वास रोखून उभे, आणि दिग्दर्शक मान खाली घालून खुर्चीत. बघणाऱ्याला वाटावं, गडी झोपला. मुंबईहून आलेली एक नटी चिडून म्हणाली होती, "सर, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही!" भाऊ डोळे न उघडताच म्हणाले, "पाहाले कॅमेरा हाय, बाई. ऐकाले मी एकटाच हावो." मागच्या महिन्यात भाऊ गेले, तेव्हा पेपरवाल्यांनी ही सवय चवीनं छापली. ती लागली कशी, हे कुणी लिहिलं नाही. लिहिणार कसं? ते माझ्या मायमुळं घडलं होतं.

मी चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीच्या नाटकातली बाई. धान घरात आलं की आमच्याकडं गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, घरोघरी पाहुणे येतात आणि नाटकं लागतात. दौलतभाऊ पोंभुर्ण्याकडचे. आधी आमच्याच कंपनीत नाटकं बसवायचे. माझ्या मायचे डोळे तोवर पार गेले होते, पण आमच्या मूल गावाच्या आसपास माझं नाटक असलं की ती हजर. अगदी स्टेजला लागून बसायची. विंगेतून माझं पहिलं वाक्य आलं की शेजारणीला कोपर मारून सांगायची, "आली पाह्य माही सुमन!" तिला मी दिसत नव्हते, पण मी आले हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

मग भाऊंना सिनेमाचं खूळ लागलं. मला तिशीतच म्हातारीचं काम दिलं. पोरगा गाव सोडून खाणीत कामाला निघतो आणि आई बांधावर उभी राहून त्याला निरोप देते. मला सवय स्टेजची. मी आपली वाक्यं म्हणताना पब्लिक शोधायची. भाऊ ओरडायचे, "सुमनबाई, पब्लिक तिकडं नाई! पब्लिक त्या पोट्ट्याच्या पाठीत हाय, तिले सांगा." मग मी त्या पाठीला सांगितलं, "जा बाबू. मांगं पाहू नोको. मी इथीच हावो." आमचा कॅमेरामन रडला. भाऊ तेव्हा डोळे सताड उघडे ठेवून बघत होते.

सिनेमा गाजला. बक्षीस मिळालं. पुण्याच्या एका पेपरात तर माझ्या आवाजातल्या आर्ततेचं कौतुक आलं. मी फुगून ढोल. मूलच्या टॉकीजला सिनेमा लागला, तेव्हा भाऊ स्वतः आले आणि मायला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. दुसऱ्या बाजूला मी. निरोपाचा सीन आला. पडद्यावर माझा चेहरा, माझे ओठ, आणि आत कुणी भलतीच बाई बोलतेय, "जा बाळा. मागे वळून पाहू नकोस. मी इथेच आहे." पडद्यावर आई मी, आणि बोलतेय कोण?

लाइट लागले. लोक भाऊंच्या गळ्यात हार घालत होते. माय जागची उठेना. मला चाचपडत म्हणाली, "सुमन, खेळ सरला का वं? तू केव्हा येशीन म्हून मी वाट पाहून राह्यली. तू तं आलीच नाई."

भाऊंनी गळ्यातला हार काढला. ते मायपुढं खाली बसले आणि म्हणाले, "पुढच्या सिनेमात तुही सुमन येईन, माय. पक्का."

बाहेर पडल्यावर मी त्यांना सोडलं नाही. "काहो भाऊ, माहं थोबाड घेतलं अन् जीभ काऊन ठेवून देली?" प्रोड्यूसरनं म्हटलं होतं, ही बोली पुण्या-मुंबईत कोण समजेल? आवाज तिकडच्या बाईचा टाका. भाऊंनी हो म्हटलं आणि मला सांगायची हिंमत झाली नाही. ते एवढंच म्हणाले, "पैसा त्याचा होता, सुमनबाई. जिगर माही पाह्यजे होती. थेच कमी पडली." त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही. माझी चूक होती असं मला आजही वाटत नाही.

दुसऱ्या सिनेमाला भाऊ स्वतः बोलवायला आले, आणि पहिल्याच शॉटला मी पाहिलं, त्यांनी डोळे मिटले. मी विचारलं तर म्हणाले, "मायच्या खुर्चीत बसून पाह्यतो." सिनेमा आंधळ्याला समजला पाहिजे, नाहीतर तो फोटोचा अल्बम, हे त्यांचं पालुपद तिथूनच सुरू झालं. शूटिंगमध्ये राइस मिलचा आवाज यायचा. साउंडवाला कपाळ बडवायचा. भाऊ म्हणायचे, "मूलचा सिनेमा अन् मिलचा आवाज नाई? राहू दे." आवाज बदला, असं वितरकांनी परोपरीनं सांगितलं. भाऊ हटले नाहीत. सिनेमा डब्यात पडून राहिला, आणि इकडं माय गेली. भाऊ तिसऱ्या दिवशी आले, अंगणात बसले आणि लहान पोरासारखे रडले. "मायले वाट पाहाले लावली अन् मीच पोचलो नाई," म्हणाले. माझा सगळा राग त्या दिवशी गेला.

पुढं तो सिनेमा लागला. आठवडाभर खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि उतरला. नंतरचे सगळेच चांगले होते असं मी म्हणणार नाही, मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोला? पोट भरायला त्यांनी एक भुताचा विनोदी सिनेमा केला, तो मलाच बघवला नाही. एकाला शेवटच नव्हता. मार्कंड्याच्या जत्रेवरचा मात्र सोन्यासारखा होता आणि तो कुणी पाहिला नाही. पण भुताच्या सिनेमातसुद्धा भूत झाडीबोलीच बोलायचं. तेवढ्यापुरते भाऊ शेवटपर्यंत वाकले नाहीत, आणि तेवढ्यानंच त्यांचं नुकसान झालं.

शेवटी मी चंद्रपूरला भाऊंना भेटायला गेले, तेव्हा ते खाटेवर ओळखू येईनात. मला म्हणाले, "पेपरवाले लिहितीन, पह्यला चांगला, बाकीचे बेकार. तुमी काय म्हणान?" मी म्हटलं, "मी म्हणीन, पह्यल्यात मी नव्हतीच." ते हसता हसता खोकले. मग माझा हात धरून म्हणाले, "तेवढा एक बांधावरचा सीन राह्यला, बाई." मी त्यांचे पाय दाबत बसले.

शोकसभेत झालं अगदी तसंच. एकेक वक्ता उठायचा आणि पहिल्या सिनेमाची आरती ओवाळायचा. "नंतर त्यांना सूर सापडला नाही," एक जण म्हणाले. अहो, सापडला म्हणूनच तर बुडाले! मग निवेदकानं सांगितलं, आता तो अजरामर प्रसंग पाहू या. पडद्यावर बांध आला, पाठमोरा पोरगा आला, तिशीतली मी म्हातारी होऊन उभी. माझ्यानं राहवलं नाही. मशीनवाल्याजवळ गेले आणि म्हटलं, "आवाज बंद कर, बाबू." त्यानं माझ्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि बंद केला.

समोर माझे ओठ हलले. माइक नव्हता. आम्हा स्टेजच्या बायांना लागतो कुठं? मी त्या पाठीला नाही, पडद्याखाली हार घालून ठेवलेल्या फोटोला सांगितलं, "जा बाबू. मांगं पाहू नोको. मी इथीच हावो."

मागच्या रांगेत पोंभुर्ण्याकडून आलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "आता कोन बोललं वं?"

मी वळून सांगितलं, "मी बोलली, माय. सुमन."