उखळी तोफेचे व्याही

न दिसणाऱ्या गोष्टीवर अचूक नेम धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. पायदळाच्या मोर्टार प्लाटूनमध्ये, म्हणजे उखळी तोफांवर, त्यांची सगळी नोकरी गेली. टेकडीआडून गोळा टाकायचा, तो कुठे पडला ते पुढे दडलेल्या निरीक्षकाने कळवायचं. एक गोळा लांब, एक जवळ, तिसरा बरोब्बर मध्ये. निवृत्त होऊन मलकपेठेत आले तरी पद्धत तीच. वरणात मीठ पहिल्या दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी. तिसरा दिवस विहीणबाईंनी उजाडू दिला नाही. त्यांची स्वयंपाकघरातून बदली केली.

सरावाला गोळे मोजकेच मिळायचे, म्हणून वर्षभर गोळ्याविना कोरडा सराव. तोही अंगात मुरलेला. बेगम बाजारात चिंच आणायला निघालो, तर आधी व्हरांड्यात तालीम: पिशवी, यादी, किल्ली, हेल्मेट. मला दोनदा पायरीवरून परत फिरवलं. पोचलो तेव्हा दुकानदार जेवायला गेलेला. "पर तयारी कैसी थी, मास्तर?" व्याही खूश होते.

साठीत मी गाडी शिकलो. फाटकातून आत घेताना समोर उभे राहून ते म्हणाले, "थोडी उजवीकडे." मी उजवीकडे वळवली आणि विहीणबाईंच्या अबोलीची कुंडी गेली. "माझी उजवी, मास्तर. निरीक्षकाची उजवी चालते, तुमची कोण विचारतो?" जन्मभर पोरांना दिशा शिकवलेला मी खाली उतरून खापऱ्या गोळा करू लागलो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, मोर्टारच्या कोर्सचं बोलावणं आलं. तोही पायदळात, नाईक. मुलीने मला बजावलं, "पप्पा, त्यांना नको म्हणून सांगा. मोर्टारवर चांगला माणूस सापडला की त्याला सोडत नाहीत. सासऱ्यांचं बघितलंत ना?" खरंच होतं. मोर्टारच्या नळीवरची पोरं कच्ची आहेत म्हणून व्याह्यांना बढतीच्या कोर्सला दोनदा सोडलं नव्हतं. बरोबरीचे रायफल कंपनीवाले सुभेदार झाले, हे हवालदार म्हणूनच घरी आले.

मी भाषण पाठ करून व्याह्यांकडे गेलो, पण जावयाचा फोन आल्यावर तो स्पीकरवर टाकून व्याहीच म्हणाले, "नक्को बेटा. रायफल कंपनीत राहा. पुढे जाशील."

"बाबा, तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून नोकरी मिळाली, तर तुम्ही काय घ्याल?" जावयाने विचारलं.

व्याह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसू लागले. पुसतच राहिले. माझं भाषण जिभेवर होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलून बसलो, "मोर्टारच म्हणतायत ते."

जावई कोर्सला गेला. मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

त्या दिवशी फोन बंद करून मी व्याह्यांच्या हातात परत दिला. मग व्याही म्हणाले, "मास्तर, मी तर काहीच बोललो नव्हतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा नाकावर चढवला, खिडकीबाहेर बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "हौ. मोर्टारच."