वेसाव्याचं कोरडं जाळं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. आमचं गाव मालवणकडचं, त्यामुळे देवचार नि राखणदार घरात रोज जेवणाबरोबर वाढले जायचे. वडील गिरणीतून आले की चाळीच्या गॅलरीत बसून तेच सांगायचे आणि मी म्हणायचो, "बाबा, तुमच्या देवचाराला डिझेल लागतं का? लागत असेल तर द्या पाठवून माझ्याकडे." मी डिझेल मेकॅनिक. मशीन चालतं त्याला कारण असतं, बंद पडतं त्यालाही कारण असतं. आजही माझं मत तेच आहे. एक दिवस तेवढा सोडून...

साल एकाहत्तर किंवा बहात्तर असेल. अंधेरी स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला होतो आणि वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या, बोटींची इंजिनं माझ्याकडे असायची. श्रावण चालू होता. नारळी पौर्णिमा व्हायची होती, म्हणजे बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. पावसाळ्यात मासळी अंडी घालते, तेव्हा दर्यात जायचं नाही — गावचा जुना नियम.

त्या वर्षी मोरेश्वरने तो मोडला.

गावात ट्रॉलर आणणाऱ्या पहिल्या दोघा-तिघांतला हा. चाळिशीचा, उंच, बोलायला लागला की समोरच्याला ढकलल्यासारखं वाटायचं. त्याचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जायचं. मोठी मासळी, बारकी पिल्लं, खेकडे, शिंपले — सगळं एकाच पिशवीत. विकण्याजोगं ठेवून बाकीचं तो किनाऱ्यावर लोटून द्यायचा. बोटाएवढ्या मेलेल्या पिल्लांचा ढीग तिथे सडत असायचा आणि वारा फिरला की वास पार सात बंगल्याच्या वस्तीपर्यंत. एका जागी बांधून डोल जाळी लावणारे बाकीचे कोळी त्याच्याकडे बघून थुंकायचे. हाही उलटा थुंकायचा.

त्या श्रावणात तो उघडीप बघून दोन-तीनदा बाहेर गेला आणि बोट भरून आला. प्रत्येक मासळीच्या पोटात गाभोळी, अंडीच अंडी. त्याच्या आईने, जानकीबाईने, त्या मासळीला हात लावला नाही. सबंध किनाऱ्यासमोर ओरडली, "पोटुशीला मारतंस मेल्या! दर्या काय आंधला हाय?" मोरेश्वर हसला. म्हणाला, "आये, दर्याला माझ्याकडे पाठव, मी बोलतो त्याच्याशी."

त्यानंतर जाळं रिकामं यायला लागलं. पण नुसतं रिकामं नाही — जड. इंजिनाचा दम निघेपर्यंत जड, आणि वर आलं की आत काही नाही. मोरेश्वरच्या मते दोष इंजिनाचा. म्हणून मला बोलावणं.

किनाऱ्यावर मी इंजिन तपासलं, झकास होतं. मोरेश्वर म्हणाला, "इथे चालतंच रे ते. लोडवर बघ. चल माझ्याबरोबर." मी गेलो. सकाळची वेळ, पाऊस थांबलेला, आभाळ राखाडी. बोटीवर मोरेश्वर, त्याचा धाकटा भाऊ बाळा, दोन खलाशी आणि मी. मढचा किनारा नीट दिसत होता, इतक्या जवळ आम्ही जाळं टाकलं.

थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज बसला. काळा धूर. मी लांब स्क्रूड्रायव्हर काढला. आम्ही मेकॅनिक लोक त्याचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून आतलं ऐकतो. इंजिनाला लावला, काही खोट नाही. गिअर बॉक्सला लावला, ठीक. मग सहज, जाळ्याचा दोर तो गुंडाळणाऱ्या विंचवरून मागे पाण्यात गेला होता, त्या ताठ दोराला लावला.

आतून गुरगुर येत होती. एका घशातून येते तशी नाही... बाजार भरलेला असावा नि आपण भिंतीपलीकडून ऐकावं, तशी.

मी बाळाला हाक मारली. त्याने ऐकलं नि त्याचा चेहराच उतरला. "घोळ," तो म्हणाला. "घोळीचा थवा असा बोलतो. पण एवढा मोठा मी कधी ऐकला नाय."

घोळ म्हणजे महागातली मासळी. मोरेश्वरने उडीच मारली. "ओढा! ओढा रे!"

विंच किंचाळत होता. जाळं वर आलं... रिकामं. मी स्वतः हात लावून बघितलं. एक मासा नाही, एक खेकडा नाही, चिखलसुद्धा नाही. आणि जाळं कोरडं होतं. समुद्राच्या तळातून आलेलं जाळं, आणि माझ्या हाताला पाणी लागलं नाही. बोटं फिरवली तर मिठाची पांढरी भुकटी झडत होती, उन्हात वाळत घातलेल्या जाळ्यासारखी.

एक खलाशी देवाचं नाव घ्यायला लागला. बाळा म्हणाला, "दादा, घरी चल."

"गप! परत टाका."

"दादा, खालून कोणतरी आपल्याला नको म्हणतंय..."

"कोण म्हणतंय? मासळी? मासळीने मला सांगायचं?" मोरेश्वरने स्वतःच्या हाताने जाळं परत पाण्यात सोडलं.

या वेळी स्क्रूड्रायव्हर लागलाच नाही. गुरगुर बोटीच्या फळ्यांतून वर आली, तळपायांना कळत होती. बोटीचं तोंड किनाऱ्याकडे, इंजिन पूर्ण जोरात, पाण्यातला पंखा पुढे ढकलतोय, आणि बोट मागे जात होती. मला वाटलं, गिअर उलटा पडला. न्यूट्रल केला. तरी मागेच. मग मी इंजिन बंद केलं.

बंद इंजिनाची बोट भरतीबरोबर किनाऱ्याकडे सरकायला हवी ना? भरती लागलेली होती. आमची बोट उलटी, खुल्या समुद्राकडे निघाली. दोर पाण्यात सरळ ताठ, मागच्या फळीवरून पाणी आत येतंय आणि मढचा किनारा बारीक होत चाललाय. कुणी ओढतंय म्हणावं तर मागे नुसतं सपाट पाणी. खोटं कशाला सांगू, मी मनात राखणदाराला हाक मारली.

"दोर तोड, बाळा!" मी ओरडलो.

बाळाने कोयता घेतला. मोरेश्वर मध्ये आला. "माझं जाळं हाय! हात लावलास तर तुलाच पाण्यात टाकीन." त्याने विंचजवळ दोर दोन्ही हातांनी धरला, जणू एकटा ओढून काढणार होता. पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं. तेवढ्यात दोर एकदम सरकला आणि त्याचा उजवा हात दोर नि विंचच्या मध्ये गेला. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. बाळाने वाट बघितली नाही. कोयत्याने दोरावर घाव घातला.

दोर तुटला आणि बोट जागच्या जागी थांबली. ब्रेक मारल्यासारखी. गुरगुरही बंद. मी इंजिनाला हॅन्डल मारलं, पहिल्याच फटक्यात सुरू. किनाऱ्यापर्यंत एकदाही अडखळलं नाही.

किनाऱ्यावर लोक जमले होते. कुणी पुढे आलं नाही. जानकीबाई तेवढी पाण्यात उतरली आणि मुलाचा हात पदरात गुंडाळून घेतला.

त्याची तीन बोटं गेली. पण माणूस वाकला नाही. बरा झाल्यावर गावभर सांगत सुटला — इंजिन बंद पडलं, बोट वाहवली, मेकॅनिक प्यायलेला होता. वर्कशॉपच्या मालकाने माझं वेसाव्याचं काम काढून घेतलं. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन उघडून बघितलं, त्याला काही सापडलं नाही. लोकांनी मला खूप समजावलं. जाळं बुडालेल्या जहाजात अडकलं असेल. खालून वेगळा प्रवाह असेल. अरे, असेल! पण मग कोरडं जाळं? ते प्रवाहाने वाळवलं? बाळा कधीच काही बोलला नाही. त्याने मासेमारी सोडली आणि गोरेगावला एका स्टुडिओत सेट उभारायच्या कामाला लागला.

पाच-सहा वर्षांनी मोरेश्वर मला अंधेरीच्या मच्छी बाजारात भेटला. नवीन ट्रॉलर घेतला होता, पहिल्यापेक्षा मोठा. मला बघून तो सरळ अंगावर आला. मला वाटलं मारतो. पण आवाज दाबून म्हणाला, "तू एकदा सांग ना सगळ्यांना, की इंजिन बंद पडलेलं. तू सांगितलंस तर मला झोप लागेल."

"नाय पडलं मोरेश्वर," मी म्हणालो. "मी माझ्या हाताने बंद केलं होतं."

तो माझ्या पायाशी थुंकला आणि गर्दीत निघून गेला.

मला याचं कारण आजही सापडलेलं नाही. इंजिन बंद होतं, आणि बोट जात होती.